विचारलं तेवढंच

“विचारलं तेवढंच सांगायचं, मॅडम. दुसरं कपाट उघडायचं न्हाई.” एवढं बोलून ते हाताची घडी घालत आणि गप्प बसत. आले होते इंग्रजी बोलायला शिकायला! तुम्हीच सांगा, मी कुठल्या भिंतीवर डोकं आपटायचं?

गृहस्थ मूळ आमच्या थेरगावचेच, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर, वय पन्नाशीला टेकलेलं. बायको नर्स. दोन वर्षांपूर्वी ती परदेशातल्या हॉस्पिटलात नोकरीला गेली. तिच्याकडे राहायला जायचं तर यांना इंग्रजी बोलण्याची परीक्षा पास व्हायला हवी होती. एकदा गटांगळी खाऊन झाली होती. म्हणून पहिली शिफ्ट सुटली की सेफ्टी शूजसकट माझ्या दारात हजर.

कंपनीत वीस वर्षं त्यांनी ऑडिटर सांभाळलेले. ऑडिटरला हो किंवा नाही म्हणायचं, कागद दाखवायचा, बस्स. जास्त बोललं की तो जास्त खोदतो, दुसरं कपाट उघडायला लावतो. परीक्षकही त्यांच्या लेखी ऑडिटरच.

“डू यू हॅव अ फॅमिली?” मी विचारलं.

“येस.”

“मग सांगा ना तिच्याबद्दल. इंग्रजीत.”

त्यांनी पिशवीतून रेशनकार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं.

“अहो, हे काय?”

“पुरावा, मॅडम.”

रविवारी काय करता, तर “अ‍ॅज पर प्लॅन.” जेवायला काय आवडतं, तर “नो कंप्लेंट.” महिना गेला. परीक्षा आठवड्यावर आली आणि माझाच धीर सुटला.

माझ्याकडे एक डुगडुगती खुर्ची होती. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला लाल टॅग बांधून ती बाद केली होती. त्या दिवशी ते आले तेव्हा मी विसरून तिच्यावरच बसले होते. झालं! माणूस कडाडला, आणि तोही इंग्रजीत. “मॅडम! धिस चेअर रिजेक्ट! फ्रंट लेग शॉर्ट! यू फॉल, हू रिस्पॉन्सिबल?” दहा मिनिटं थांबले नाहीत.

अस्सं! म्हणजे तक्रार असली की या माणसाला वाचा फुटते. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, “आता तुमच्या घरात काय रिजेक्ट आहे, ते सांगा.”

त्यांनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाले, “प्रॉब्लेम, वाइफ नॉट इन हाउस. सिन्स टू इयर्स. आय मेक टी. एव्हरी डे टू कप. वन कप वेस्ट.”

“व्हाय टू?”

“हँड इज नॉट लिसनिंग, मॅडम.”

खरं सांगते, मला रडू आलं. जन्मभर पोरांच्या वह्या लाल करणारी मी, पण त्यातली एकही चूक दुरुस्त करावीशी वाटली नाही. नाक पुसून त्यांच्याच कंपनीच्या भाषेत उपाय विचारला, “करेक्टिव्ह अ‍ॅक्शन?”

“आय गो.”

परीक्षेत नेमकं जवळच्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोलायला सांगितलं. यांनी बायको नसल्याची रीतसर तक्रार मांडली, कंपनीच्या रिपोर्टसारखी: आधी प्रॉब्लेम, मग कारण, शेवटी इफेक्ट. वेळ संपली तसं परीक्षक बाई थँक्यू म्हणाल्या, तर हे म्हणे, “वेट मॅडम, इफेक्ट रिमेनिंग.” बाईंनी ऐकून घेतलं म्हणे सगळं. पास झाले!

जायच्या आधी पेढे घेऊन आले. खुर्चीचा पाय नीट केला, लाल टॅग सोडला, पास झाल्याचं हिरवं स्टिकर लावलं आणि गेले. संध्याकाळी साडेचारला माझं लक्ष अजून दाराकडे जातं. आठवण येते मेल्याची, काय करू!

परवा फोन आला. मी मुद्दाम इंग्रजीत विचारलं, “हाउ आर यू?”

“ओके.”

“हाउ इज युवर वाइफ?”

“ओके.”

माझं टाळकंच सरकलं. “अहो, एवढी मेहनत घेतली मी! दोन वाक्यं तरी बोला!”

“काय बोलू मॅडम,” ते म्हणाले, “कंप्लेंटच न्हाई ऱ्हायली.”

मागून बाईचा आवाज आला, “अहो, चहा निवतोय.” त्यांनी घाईघाईनं फोन ठेवला.