माशांचं पाणी

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच कबूल करते. मनात आलं की लगेच ओठांवर. वर पुन्हा "मी आपली स्पष्ट बोलते बाई" असं म्हणून मी मोकळी. भोगलं ते माझ्या सासऱ्यांनी.

सासूबाई गेल्या आणि आण्णा शेतातली वस्ती सोडून आमच्याकडे देवळालीला राहायला आले. जन्मभर उसात राबलेला माणूस, आमच्या हॉलमध्ये बसून करणार काय? त्यांनी बोलणंच टाकलं. म्हणून मीच हौसेनं फिश टँक आणला. सहा गोल्डफिश, आठ-दहा गप्पी. आणि काय सांगू, आण्णांना वाचा फुटली! खुर्ची ओढून टँकसमोर बसायचे, चिमटीनं दाणे टाकायचे आणि माशांना दम भरायचे, "आरं हावऱ्या, दुसऱ्यालाबी खाऊ दे की!" मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि हसायचे.

तिसऱ्या आठवड्यापासून मासे मरायला लागले. आज एक, दोन दिवसांनी दुसरा. काल हुंदडणारा मासा सकाळी तळाशी आडवा. मी काय करायचं ठेवलं? दाणे निम्मे केले. हवेचा पंप बदलला. दगड उकळून घेतले. निळं औषध झालं, खडेमीठ झालं. मरायचे ते मरतच होते.

पाण्याची शंका मला आलीच नाही. दुकानदारानं टँक देतानाच बजावलं होतं, की नळाचं पाणी तसंच ओतू नका, एक दिवस भांड्यात ठेवून मग घाला. मी त्याच्याही पुढे! नळाचं नको, बोअरचं खारट नको, म्हणून आम्ही पितो ते जारचं फिल्टरचं पाणी घ्यायचे आणि चिंच-मीठ लावून लख्ख घासलेल्या तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवायचे. दर रविवारी ते टँकमध्ये. तांब्यातलं पाणी गुणाचं, असं लहानपणापासून ऐकलेलं. माशांचे लाड म्हणजे किती!

आण्णा एकदा म्हणाले होते, "सूनबाई, आपल्या हिरीचं पानी आनून बघू का? हिरीत लई मासे हायेत. त्यांना कुठं काय हुतंय?"

"आण्णा, त्या विहिरीत उसाची सगळी खतं उतरतात," मी म्हटलं. विषय संपला.

एका शनिवारी आण्णा वस्तीवर गेले. नेवाशाच्या बाजूला आमची जमीन, ती धाकटे दीर बघतात. कांद्यावर फवारणी होती, आण्णांनी हात लावला आणि रविवारी संध्याकाळी परत आले. आले ते थेट टँकपाशी. सोमवारी तीन गोल्डफिश एकदम मेले. शेजारच्या दोघी चहाला बसल्या होत्या आणि त्यांच्यादेखत मी कडाडले, "सापडलं! तुमच्या हाताला फवारणीचं विष आहे, आण्णा. तुमचा हात लागला की मासा मरतो. आजपासून टँकला हात लावायचा नाही!"

"दोनदा धुतलं हुतं गं," एवढंच ते म्हणाले. मग दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले आणि आत गेले. शेजारणी चहा तसाच ठेवून उठल्या. तेव्हाही मला काही वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? चार दिवसांनी आण्णा "जनावरांकडं बघाया मानूस लागतंय" असं म्हणून वस्तीवर राहायला गेले.

आणि मासे मरायचे थांबले. एकही मेला नाही! त्याच आठवड्यात हंडा बुडातून गळायला लागला होता, म्हणून मी तो दुरुस्तीला टाकला आणि माशांचं पाणी प्लास्टिकच्या बादलीत ठेवायला लागले. पण ते कुणाच्या लक्षात येतंय? मी जावेला फोन करून सांगितलं, "बघ, मी म्हणत नव्हते?" तिचा फोन स्पीकरवर होता. आण्णा शेजारीच बसले होते, हे मला फार नंतर कळलं.

तीन महिन्यांनी हंडा परत आला. घासला, भरला, रविवारी पाणी टँकमध्ये घातलं. मंगळवारपर्यंत चार मासे गेले. आण्णा तर तिकडे वस्तीवर. दुकानदाराला फोन लावला, तर त्यानं विचारलं, पाणी कशात ठेवता? मी ऐटीत सांगितलं.

"अहो ताई, तांबं माशांना विष असतं. त्यात फिल्टरचं पाणी, त्यात तर ते जास्तच उतरतं."

अगं बाई, काय करून ठेवलं मी हे!

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वस्तीवर गेले. जावेची लेक बाळंतपणाला आलेली, तिची पोरगी पंधरा दिवसांची झाली होती. आण्णा ओसरीच्या पार टोकाला बसले होते. मी सहज विचारलं, "पणजोबांनी घेतलं का पणतीला?"

"कुठलं!" जाऊ म्हणाली. "हातच लावीत न्हाईत. म्हनत्यात, माझ्या हातात औषध मुरलंय, बारक्या जिवाला नको."

मला पुढचं ऐकवेना. आण्णांपुढे जाऊन बसले आणि सगळ्यांदेखत सांगितलं, हंडा, पाणी, दुकानदार, सगळं. म्हटलं, "मासे मी मारले, आण्णा. तुमचा हात चांगला आहे. मला माफ करा." रडू आवरत नव्हतं.

"आसंल, पोरी," ते म्हणाले. "त्यात रडायचं काय?"

मी बाळाला उचलून त्यांच्यापुढे धरलं. आण्णा उठले. हौदावर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, परत आले. तळवे नाकाशी नेऊन वास घेतला आणि पुन्हा हौदाकडे वळले. दुसऱ्यांदा धुऊन आले, तेव्हा बाळानं जांभई दिली आणि आण्णांना हसू फुटलं. आता घेतील असं मला वाटलं.

"नको," ते म्हणाले आणि हात पाठीमागे बांधले. "तूच धर. मी हितनं बघतो."