वेग सोडताना

काही वर्षांपूर्वी एका रविवारी माझा दादा जेट बोट घेऊन खाडीत गेला आणि परत आला नाही.

आज त्याची मुलगी रेवा त्याच धक्क्यावरून तशीच बोट चालवायला निघाली आहे. बोटवाल्याच्या फळ्यावर वेग लिहिला आहे, ताशी ऐंशी किलोमीटर.

"खरंच ऐंशीनं पळते?" रेवानं विचारलं.

"एकटो माणूस आसात नि पाणी निवांत आसात तर," तो हसला. "चौघां बसली नि वारो सुटलो की निम्म्यार येता. फळ्यार वारो कोण लिवता?"

मलाही हसू आलं. पण आणखी एक गोष्ट फळ्यावर नसते. ही बोट मागे फेकलेल्या पाण्याच्या झोतावर वळते; वेग सोडला की झोत थांबतो, मग चाक कितीही फिरवा, ती सरळच जाते. समोर मासेमारीच्या जाळ्याचे खांब दिसताच, जन्मभर मोटार चालवलेल्या दादानं सवयीनं वेग सोडला आणि बोट सरळ खांबांवर गेली. घाबरलेला माणूस हातातलं सोडतो आणि त्याला वाटतं, आता आपण वाचलो. दादा गेल्यावर मीही असंच पुष्कळ सोडलं. पोहणं सोडलं, या गावी येणं सोडलं.

"आत्या, अशी बघू नकोस गं. बुडायला चाललेय का मी?"

मी तिच्या जॅकेटचा पट्टा पुन्हा ओढून पाहिला. "समोर काही आलं तर वेग पूर्ण सोडू नकोस. थोडा ठेव आणि वळ."

"तिसऱ्यांदा सांगतेस!"

बोट गेली. खांबांपाशी इंजिनाचा आवाज उतरला. मग आवाज जरासा चढला आणि बोट वळली.

दादा नाही. रेवा आहे, आणि तिला दर वेळी सांगायचं एवढं एक वाक्य माझ्याकडे आहे.