कुसगावच्या चार खोल्यांचं गहाण

मी आईवडिलांची एकुलती एक. वडील वारले तेव्हा कुसगावच्या शिवेवरचा, आमच्या घरालगतचा मोकळा तुकडा माझ्या नावावर झाला. माझे यजमान रेल्वेत पॉइंट्समन होते, लोणावळा यार्डात रुळांचे सांधे बदलायचे. पगार बेताचा, पण वेळच्या वेळी यायचा. तेवढ्यावर आमचं भागत होतं. त्या तुकड्यावर चार खोल्या बांधून भाड्याने द्यायच्या, हे खूळ माझंच.

लोणावळ्याला हवापालटाला येणारे श्रीमंत लोक बंगल्यात उतरत. पण कचेरीत लिहिणाऱ्या साध्या माणसाची बायको आजारातून उठली, तर तिला महिनाभर घेऊन राहायला परवडेल अशी जागा नव्हती. अशा लोकांसाठी खोल्या बांधू, असं मी यजमानांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "जागा तुजी हाय. पर पैका कुटनं आननार?"

बाजारात एक किराणा दुकानदार होते. घरं, जागा गहाण ठेवून घेऊन ते पैसे द्यायचे. सगळे त्यांना शेटजी म्हणत. बोलणं अगदी गोड. मी त्यांच्याकडून सहाशे रुपये घेतले. व्याज दर महिन्याला द्यायचं आणि मुद्दल तीन वर्षांनी, मार्चअखेरपर्यंत. तोवर मुद्दल फिटलं नाही, तर जागा खोल्यांसकट त्यांची. मी मराठी चौथी शिकलेली. कागद दोनदा वाचला आणि सही केली. शेटजी हसून म्हणाले, "बाई, अंगठ्याची सवय आहे आम्हाला. सही बघून बरं वाटलं."

खोल्या झाल्या. दगड आमच्याच शेतातला होता, वासे जुन्या गोठ्याचे. चुना दिलेल्या भिंती, पुढे लांब पडवी. मला त्या फार देखण्या वाटायच्या.

आणि कुणी आलं नाही. स्टेशनपासून लांब, शेजारी गोठा, रस्त्याला दिवा नाही. पहिल्या उन्हाळ्यात एक कुटुंब आलं, ते आठ दिवसांत परत गेलं. पुढे रेल्वेची दोन पोरं राहिली आणि तीन महिन्यांचं भाडं बुडवून बदलीच्या गावी गेली. गावातल्या बायका विहिरीवर विचारायच्या, "खोल्यांत काय भरलंय मग, भात का कडबा?" खरंच एका खोलीत कडबाच होता. मी दोन म्हशींचं दूध बंगल्यांवर घालत होते. त्यातून व्याज निघायचं, थोडं शिल्लक पडायचं. मुद्दल मात्र जिथल्या तिथे. शेटजींनी त्या काळात एकदाही घाई केली नाही. भेटले की म्हणायचे, "सावकाश होऊ द्या."

तिसरं वर्ष सरत आलं तेव्हा लढाई ब्रह्मदेशापर्यंत आली होती. जपान्यांपुढे सिंगापूर पडल्याची बातमी आली आणि मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून लोक पळत सुटले. लोणावळ्याच्या स्टेशनावर ट्रंका, वळकट्या आणि पाळणे यांची रास लागली. यजमान ड्यूटीवरून आले आणि पाय धुता धुता म्हणाले, "लोकं फलाटावर निजल्यात. खोल्या झाडून ठेव."

मी तेव्हाच कडबा बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी गिरगावातल्या एक बाई आल्या. नवरा नोकरीमुळे मुंबईतच राहिलेला, बरोबर सासू आणि तीन मुलं. खोली बघून त्यांनी भाडं विचारलं. मी म्हणाले, "बारा रुपये."

"आज बारा सांगाल. पुढच्या महिन्यात कुणी तीस देईल, मग आम्हाला बाहेर काढाल. बाजारात तेच चाललंय."

मी म्हणाले, "तुमी वर्साचं भाडं आदी द्या. मी वर्सभर एक पैसा वाडवनार न्हाई आन् कुनाला काडनार बी न्हाई. लिहून देते."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्याच दिवशी नवऱ्याला पत्र टाकलं. आठवड्याभरात त्यांच्याच चाळीतली आणखी तीन कुटुंबं आली. चारही खोल्या भरल्या. पडवीत मुलांचे पाढे सुरू झाले. आगाऊ भाडं आणि माझी शिल्लक मिळून मुद्दल उभं राहिलं.

शेटजी तीन वर्षांत कधी जागेवर फिरकले नव्हते. आता एका सकाळी आले. पडवीभर फिरले, भिंतीवर हात फिरवला. "बारा रुपये? बाई, तिसाला मागताहेत लोक." मी सांगितलं की तुमचे पैसे तयार आहेत. ते म्हणाले, "दुकानात या. कागद शोधून ठेवतो."

मी दुकानात गेले, तर ते पुण्याला गेलेले. दोन दिवसांनी गेले, तर अंगात कसर होती म्हणून भेटले नाहीत. पुढच्या खेपेला त्यांचा दिवाणजी म्हणाला, "शेटजी यात्रेला गेले. एप्रिलात येतील. पैसे घ्यायचा मला हुकूम नाही." मार्च संपायला चार दिवस उरले होते.

घरी येऊन मी चुलीपुढे बसले, पण चूल पेटवली नाही. यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वडगावात वकील हाय. उद्या जा. माजी ड्यूटी हाय, न्हाईतर आलो असतो."

गिरगावच्या बाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं होतं. "मी येते," त्या म्हणाल्या. "घरात बसून लढाईच्या बातम्या ऐकण्यापेक्षा ते बरं."

पैसे लुगड्याच्या आत बांधून आम्ही दोघी पॅसेंजरने वडगावला उतरलो. वकील म्हातारे होते. माझ्याजवळची गहाणखताची नक्कल वाचून म्हणाले, "मुदतीच्या आत सगळी रक्कम कोर्टात भरा. मग सावकार काशीला जावो नाहीतर रामेश्वरला." त्यांनी अर्ज लिहिला, मी सही केली.

कोर्टातल्या कारकुनाने अर्ज उलटसुलट केला. "यजमान कुठे आहेत?"

"कामावर."

"त्यांची संमती लागेल."

मी अर्जावरच्या सहीवर बोट ठेवलं. "जागा माजी हाय. कागदावर सही माजी हाय. व्याज मी भरलंय. त्यात आमच्या मालकांचं काय काम?"

वकील खाली बघून हसले. कारकुनाने पैसे मोजून घेतले आणि पावती दिली. बाहेर आल्यावर बाईंनी माझा हात धरला आणि स्टेशनपर्यंत सोडला नाही. भुकेने जीव कासावीस झाला होता. फलाटावर आम्ही शेंगदाणे घेतले. तेवढे गोड शेंगदाणे मी पुन्हा खाल्ले नाहीत.

कोर्टाची नोटीस गेल्यावर शेटजी यात्रेहून लवकर परतले. फेडीचा शेरा मारलेलं गहाणखत घेऊन स्वतः घरी आले. "बाई, आपल्यात कोर्टाची काय गरज होती?"

"तुमी दुकानात गावला असता, तर नसतीच पडली," मी म्हणाले, आणि त्यांना चहा दिला. त्यांनी तो पूर्ण प्यायला.

यजमानांनी ते गहाणखत पडवीत उभं राहून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. चारही बिऱ्हाडं ऐकायला आली. माझं नाव आलं तिथे ते थांबले, आणि पुन्हा एकदा वाचलं.

मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत. वर्ष संपल्यावर लोक हळूहळू परतले, पण खोल्या पुन्हा रिकाम्या राहिल्या नाहीत. त्यांच्या ओळखीचे येत राहिले, बाळंतिणी आल्या, आजारातून उठलेली माणसं आली. लढाई संपल्यावर मी आणखी दोन खोल्या बांधायला काढल्या, कुणाचा पैसा न घेता. पाया आखायच्या दिवशी यजमानांनी रजा काढली. हातात दोरी घेऊन ते मला म्हणाले, "सांग, दारं कुटल्या अंगाला ठिवायची?"