क्लच दाबला की दिवे उजळायचे

हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेले नाही. मामा गेला, मिस्त्रीही गेले. आता सांगायला हरकत नाही, पण नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. मला खरे काय ते नेमके कधी कळले, हेच मला अजून ठरवता येत नाही.

गिरगावात मामाचा शाईचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरच्या तीन खोल्या. शाळांना आणि कचेऱ्यांना बाटल्या पोचवायला एक जुनी व्हॅन होती, लढाई संपल्यावर लिलावात घेतलेली. ती मी चालवायचो, आणि बिघडली की भोईवाड्याच्या मिस्त्रींकडे न्यायचो. मिस्त्री मालवणकडचे, साठीला आलेले. गाडी परत देताना त्यांचे एकच वाक्य असायचे, "आता वरीसभर हिच्या पोटात डोकावू नकोस." आणि खरोखर डोकावायला लागत नसे.

त्या श्रावणात त्यांनी गिअरबॉक्स उतरवला, दुरुस्त केला आणि पुन्हा चढवला. गाडी लोण्यासारखी चालायला लागली.

चळवळ ऐन भरात होती. मामाचे म्हणणे, "मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे. पण माझी गाडी कुठल्या सभेपाशी दिसता कामा नये. सरकारी कचेऱ्यांत जाते आपली शाई." मी मान हलवली, आणि चारच दिवसांनी नायगावच्या एका मित्राचा लाउडस्पीकर व्हॅनमध्ये घालून लालबागच्या सभेला गेलो. लाउडस्पीकर नुसता घुमत होता. भाषण कमी आणि घुंईं जास्त. मित्र म्हणाला, "अर्थिंग पाहिजे रे. जाड तांब्याची तार कुठे मिळेल का बघ."

मला व्हॅनखालची पट्टी आठवली. गिअरबॉक्सच्या एका बोल्टवरून गाडीच्या सांगाड्याला गेलेली, वेणीसारखी विणलेली तांब्याची पट्टी. वर रबर नाही, काही नाही. मी विचार केला, हिच्यातून वीज जात असती तर अशी उघडी कशाला ठेवली असती? कसला तरी आधार असेल, दोन दिवस नसला तर काय बिघडते. पाना घेऊन पाच मिनिटांत काढली. बोल्ट जागच्या जागी परत पिळून ठेवले. ती जोडताच लाउडस्पीकरची घुंईं थांबली आणि वक्त्याचा आवाज थेट नाक्यापर्यंत गेला. मित्राने माझी पाठ थोपटली. मग पोलीस आले, लाठ्या चालल्या, ज्याने त्याने वाट फुटेल तिकडे धूम ठोकली. सामान तिथेच राहिले. पट्टीही.

गाडी मात्र चालू झाली आणि निमूट गिरगावात आली. मी मनातून पट्टी पुसून टाकली.

आठवड्याभराने सुरू झाले. आधी सेल्फ मारला की नुसता 'टक' आवाज. मग दिवे मंद. मग गिअर पडताना खरखर, आणि एक दिवस परळच्या पुलावर दुसरा गिअर अडकला तो अडकलाच. मागे गाड्यांची रांग, एक व्हिक्टोरियावाला ओरडतोय, "ओ शाईवाले, ढकलू का घोडा लावून?" आत बाटल्या एकमेकींवर आपटत होत्या.

मिस्त्रींनी बॅटरी बदलून पाहिली. डायनामो उघडला, साफ केला. क्लचची तार काढून तेल दिले, मग नवीच घातली. दरवेळी चार दिवस ठीक, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. गिअरबॉक्स न उतरवता वरचे झाकण काढून पाहिले, तर आत सगळे चोख. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे, इंजिन चालू असताना क्लच दाबला की दिवे उजळायचे. पाय काढला की मंद. मिस्त्री मला दहा दहा वेळा पाय दाबायला लावून पुढे उकिडवे बसायचे, दिव्याच्या काचेत बघत.

"दाब."

दाबायचो.

"सोड. दाब. अरे, दिव्याचो आणि क्लचचो काय संबंध? माका कळणा नाय. तुमच्या शाईत काय घालतत रे, भाचेसाहेब? गाडयेक चढली ती!"

मी हसायचो. तेव्हा मला कळले होते का? शपथेवर सांगतो, पट्टी आठवायची. पण क्लचचा आणि दिव्याचा संबंध त्यांना लागत नव्हता, तर उघड्या तांब्याच्या पट्टीचा आणि गिअरचा तो मला कुठून लागणार? मी स्वतःशी असे म्हणायचो. मग प्रश्न असा, की आठवण आली की मी लगेच दुसरीकडे का बघायचो?

दिवाळीच्या तोंडावर मामाचा धीर सुटला. तो स्वतः माझ्या शेजारी बसून व्हॅन दादरच्या एका बॅटरीवाल्याकडे घेऊन गेला. त्या माणसाने क्लचच्या तारेला हात लावला आणि चटकन मागे घेतला. तार तापली होती. तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, "अहो शेठ, हिची अर्थची पट्टी कुठाय?"

त्याने समजावून सांगितले. इंजिन रबरावर बसलेले असते. बॅटरीतून इंजिनात गेलेल्या विजेला परत यायला वाट लागते, ती वाट म्हणजे ही पट्टी. ती नाही म्हटल्यावर वीज क्लचच्या तारेतून परत येत होती. तार तापायची, आतून जळायची, जाम व्हायची, मग क्लच सुटायचा नाही आणि गिअर पडायचा नाही. क्लच दाबला की तार ताणली जायची, वीज बरी वाहायची, दिवे उजळायचे. त्याने नवी पट्टी बसवली. पंधरा मिनिटांचे काम.

"गिअरबॉक्स कुणी उतरवला होता?" त्याने हात पुसत विचारले. "उतरवताना ही काढावीच लागते. परत लावायला विसरला असणार."

मामाने माझ्याकडे पाहिले. मी बाटल्यांच्या खोक्याकडे पाहिले. 'मामा, ती मी काढली,' एवढेच चार शब्द होते. ते म्हटले असते तर लालबागच्या सभेची गोष्ट निघाली असती, एवढेच ना? एवढेच. मी खोके आत सरकवले.

मामा तिथून सरळ भोईवाड्याला गेला. आवाज चढवला नाही. "मिस्त्री, पट्टी लावायची राहिली होती तुमची. तीन महिने आम्ही रस्त्यात ढकलतोय."

मिस्त्री ताडकन उभे राहिले. "नाय शेठ. मी लावलेली."

"मग गेली कुठे?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. हात हवेत पुढे केले, बोटे फिरवली, जणू बोल्ट पिळत होते. मी बाजूलाच उभा होतो. बोटे मध्येच थांबली.

"लावलेली असा वाटता," ते म्हणाले. मग हात खाली घेत, "मीच इसारलंय आसतलंय. वय झाला."

मामाला उलट वाईट वाटले. "असू दे हो, होते कधी कधी," म्हणून तो निघाला. त्यानंतरही कामे त्यांच्याकडेच जात राहिली. मामाने कधी टोमणा मारला नाही. म्हणून मीही स्वतःला सांगू शकलो, काय मोठे नुकसान झाले?

फाल्गुनात मी एकटाच भोईवाड्याला गेलो. आज सांगायचेच असे ठरवून गेलो होतो. वाक्यही जुळवले होते. मिस्त्री जमिनीवर बसले होते, समोर कुणाच्या तरी गाडीचा गिअरबॉक्स उघडलेला. शेजारी शाळेतल्या पोरांची असते तशी दगडी पाटी. काढलेला प्रत्येक भाग ते पाटीवर लिहीत होते. चाळीस वर्षे त्या माणसाला असले काही लागले नव्हते.

"ये रे," ते म्हणाले. "ते बोल्ट मोजून सांग. माझो आता माझ्यावर भरवसो नाय."

मी उकिडवा बसलो आणि मोजले. "आठ."

त्यांनी पाटीवर आठ लिहिले. माझ्या तोंडाकडे पाहिले. "परत एकदा मोज."

मी पुन्हा मोजले. आठच होते. "आठ," मी म्हणालो, आणि तेवढेच बोलून घरी आलो.