बाई बांधीत उतरल्या

गोंदियाच्या मुलींच्या शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. तिथली पहिली बाई इंग्रजांच्या काळात आली, एवढंच ऐकून माहीत होतं. निवृत्त झाल्यावर कळलं, की तिच्या हाताखाली शिकलेली एक आजी मुर्रीत, आपल्या माहेरी, माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहते. नव्वदी केव्हाच ओलांडलेली. मी गेले तेव्हा अंगणात खाटेवर बसून ती डाळ निवडत होती.

"बाई एकटीच आगगाडीनं आली," ती सांगू लागली. "लहानपणीच विधवा झालेली. खोली देईना कोणी. शाळेतच राहे."

शाळेत मुली आठ-दहाच. धानाची रोवणी सुरू झाली आणि त्याही येईनाशा झाल्या. एका सकाळी बाई चालत मुर्रीला आल्या, आजीच्या बापाच्या बांधावर उभ्या राहिल्या.

"काऊन आल्या, बाई?" बापानं विचारलं.

"मुलीला न्यायला."

"मंग रोवणा कोण करन?"

"तिच्या वाटचा मी करते."

बाईंनी वहाणा काढल्या, लुगडं खोचलं आणि बांधीत, धानाच्या त्या चिखलात उतरल्या. रोवता कुठं येत होतं! रोपं तिरपी लागायची, काही पाण्यावर तरंगायची. बाया हसून बेजार. तरी दुपारपर्यंत त्या वाकलेल्याच. शेवटी बाप ओरडला, "अवो बाई, निघा बाहेर! साऱ्या बांधीचा सत्यानाश करून राहिल्या तुमी. घेऊन जा पोरीले!"

आजी चौथी पास झाली. बाईंची बदली झाली तेव्हा तोच बाप नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन स्टेशनवर गेला.

लग्न होऊन आजी सालेकशाकडच्या एका गावात गेली. तिथं वाचता येणारी ती एकटीच बाई. साऱ्या गावाची पत्रं तिच्याकडे यायची. "वाईट खबर असली का पहिले पाणी पाजो मी," ती म्हणाली, "मंग वाचो."

माझ्याही वर्गातल्या मुली रोवणीत गायब व्हायच्या. मी गैरहजेरी मांडायचे आणि पुढचं नाव घ्यायचे. कोणाच्या बांधावर कधी गेले नाही. तसं मी तिला सांगितलंही.

तिनं सुपातून मान वर केली. "आता सांगून काय होते, पोरी? उन्हात बसून राहिली तू. सरक इकडे, सावलीत."