नागीण उठली त्या हिवाळ्यात

मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, म्हणून त्या हिवाळ्यात मी घर आवरायला काढलं होतं. बोरीतल्या घरात तेव्हा मी एकटीच राहायची. मुलीचे बाबा जाऊन काही वर्षं झाली होती, शेत बटईनं दिलेलं, आणि एकुलती एक लेक लग्न होऊन अमरावतीला. ती येणार म्हणून मी आतली खोली रिकामी केली, बाज उन्हात टाकली, तिची ढिली पडलेली नवार आवळून घेतली. माझी जुनी मऊ सुती पातळं फाडून दुपटी शिवली. डिंक, खोबरं, मेथ्या आणून डब्यात भरून ठेवल्या. आठवा लागला की जावई तिला आणून सोडणार होते.

बाज ओढून घरात घेतली त्या दिवशी पाठीत डाव्या बाजूला काहीतरी भरल्यासारखं झालं. वजन उचललं, लचक भरली असेल, असं म्हणून मी बाम चोळला. चोळला तशी आग वाढली. दुखणं लचकेसारखं नव्हतंच. चुलीतली काडी कोणी आतून टेकवून काढून घ्यावी, मग पुन्हा टेकवावी, असं ते होतं. बाहेरून मात्र काही कळत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी आंघोळ करताना तांब्यातलं कोमट पाणी पाठीवर पडलं आणि मी ओरडले. हात मागे नेला तर बोटांना बारीक दाणे लागले. पाठ आपलीच असते, पण ती आपल्याला कधी दिसत नाही. घरात दुसरं माणूस असलं की हे लक्षातही येत नाही. ते 'जरा पाहा बरं' म्हटलं की पाहतं. मी भिंतीवरच्या आरशाकडे पाठ केली आणि मुलीच्या बाबांचा दाढीचा आरसा समोर धरला, पण खांदा तेवढा दिसला. मोबाइल खांद्यावरून मागे नेऊन फोटो काढला, त्यात माझा कान आणि भिंतीवरचं कॅलेंडर आलं. गल्लीत कोणाला हाक मारावी म्हणून दाराशी गेले. कापसाच्या वेचणीचे दिवस. सकाळी उन्हं वर आली की गाव शेतात जायचं. गल्लीत एक शेळी आणि ओट्यावर बसून ऊन खाणारे एक आजोबा, एवढंच होतं. त्यांना कशी पाठ दाखवणार? मी दार लोटून घेतलं.

माझी चुलत जाऊ पलीकडच्या घरात राहते, माझ्यापेक्षा मोठी. मी तिला बाई म्हणते. ती रोज वेचणीहून दिवस मावळताना यायची. त्या संध्याकाळी मी तिच्या घरी जाऊन पदर बाजूला केला.

"अवं माय!" ती म्हणाली. "हे त नागीण हाये. कवापासून हाये वं?"

"मले कुठं दिसते, बाई."

"मंग मले बोलावलं काहून नाई?"

"तुम्ही वावरात गेलत्या."

पाठीपासून बगलेकडे बोट फिरवत, न टेकवता, तिनं नागीण कुठवर आली ते मला सांगितलं. लहानपणापासून ऐकलेलं आम्हा दोघींच्याही मनात एकदमच आलं असणार, की नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो. ते ती बोलली नाही, मीही नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं वेचणीला खाडा केला आणि मला ऑटोनं शेजारच्या गावी नेलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ नागीण उतरवून देतात. त्यांच्या अंगणात बाभळीखाली आधीच दोघं-तिघं बसले होते. त्या गृहस्थांनी सहाणेवर गेरू उगाळला, कोंबडीच्या पिसानं माझ्या फोडांच्या दोन्ही टोकांना जाड रेघ ओढली, मधे काही पुटपुटले. गेरू थंडगार होता. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

"घरी संगं कोन हाये?" त्यांनी विचारलं.

"कोनी नाई."

"तेल-तिखट बंद करा. अन् एकट्यानं बसू नका. मानूस एकटं असलं का दुखनं बोलते त्याच्याशी."

परत येताना बाईनं मला बजावलं की रोज सकाळी गेरू लावायला ती येईल. ती दोन सकाळी आलीही. पण रेघेपलीकडे नवे फोड येतच राहिले, ते छातीखालपर्यंत सरकले, अंगात कणकण भरली. ब्लाउज घालणं अशक्य झालं. कापड म्हणजे खरखरीत पत्रा वाटायचा. मुलीच्या बाबांचा एक मलमलीचा सदरा होता, धुऊन धुऊन पातळ झालेला. तो घालून मी घरात वावरायची. बाईनं मला त्या सदऱ्यात पाहिलं आणि म्हणाली, "दवाखान्यात जाय तू. माह्या गेरूनं नाई होत हे." तिच्या घरी दुसऱ्या दिवशी वेचणीला मजूर यायचे होते, तिला सुटता येत नव्हतं. मी म्हटलं, "जातो मी. यवतमाळ काय लांब हाये?"

सदऱ्यावरून पातळ गुंडाळलं, वर शाल घेतली, एसटीत बसले. पाठ टेकवता येत नव्हती, म्हणून पुढच्या सीटचा दांडा धरून वाकून बसले. शेजारी बसलेल्या एका प्रवासिणीनं विचारलं, "मळमळते का वो तुमाले?" मी हो म्हटलं. सांगत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

कातडीच्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी दिवा जवळ घेऊन पाठ, बगल, छाती सगळं नीट पाहिलं. गेरू पाहून रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "हा हलक्या हातानं धुऊन टाका, जखमेत माती नको. तुम्ही दोन-चार दिवस आधी आला असतात तर जास्त फायदा झाला असता. पण नवे फोड अजून येताहेत, म्हणून गोळ्या देते."

मी भीत भीत ते तोंड आणि शेपटाचं विचारलं.

"नाही हो काकू. ही एका नसेच्या वाटेनं येते. नस अर्ध्या अंगापर्यंत असते, तिथेच ती थांबते. जुळत नाही." मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "लहानपणी कांजण्या झाल्या होत्या तुम्हाला?"

"झाल्या होत्या."

"तेच जंतू आहेत. इतकी वर्षं आत झोपून होते, आता उठले." त्यांनी मान वर केली. "घरी कोणी गरोदर आहे का? लहान बाळ?"

मी म्हटलं, मुलगी यायची आहे, चार दिवसांनी, बाळंतपणाला. त्यांनी पेन खाली ठेवलं. मुलीला कांजण्या झाल्या होत्या का, असं विचारलं. झाल्या नव्हत्या. ती शाळेत असताना सगळ्या गल्लीतल्या पोरांना आल्या, तेव्हा मी तिला मामाकडे कळंबला पाठवून दिलं होतं आणि तिथल्या चिंतामणी गणपतीला नारळ कबूल केला होता. माझी पोर वाचली, याचा मला केवढा अभिमान वाटायचा.

"मग तिला येऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाल्या. "सगळे फोड वाळून खपल्या धरेपर्यंत तरी नाहीच. तिच्या डॉक्टरांनाही कळवायला सांगा." मलम आणि लावायचं गुलाबी औषध लिहून देताना त्यांनी विचारलं, "पाठीला लावून द्यायला घरी कोण आहे?"

"आहे ना," मी म्हटलं. असं का म्हणाले, कोण जाणे. दुसऱ्यांदा 'कोणी नाही' म्हणायचा कंटाळा आला असेल.

बस स्टँडवरच्या बाकावर बसून मी मुलीला फोन लावला. आधी तिला वाटलं मी थट्टा करते आहे.

"आई, मी बॅग भरून ठेवली ना."

"राहू दे भरलेली. पण येऊ नको."

"तू एकटी काय करशीन? मी दुसऱ्या खोलीत राहीन."

"नाई म्हटलं ना! तुह्या पोटात जीव हाये." मी जरा जोरातच बोलले. आजूबाजूच्या दोन माणसांनी वळून पाहिलं. पलीकडे ती रडत होती की नुसती गप्प होती, गाड्यांच्या आवाजात मला ते कळलं नाही.

घरी आल्यावर दिवस फार लांब झाले. दिवसातून पाच वेळा त्या मोठ्या गोळ्या घ्यायच्या होत्या. पाठीला औषध लावायला मी एक युक्ती काढली. लाकडी उलथण्याच्या टोकाला कापूस बांधला, तो औषधात बुडवला आणि अंदाजानं मागे फिरवला. कधी बरोबर जागी लागायचं, कधी कोरड्या कातडीवर. बाई संध्याकाळी यायची तेव्हा उरलेलं लावून द्यायची, पण कापसाच्या दिवसांत तिची स्वतःची बोटंही बोंडांनी फाटलेली असायची आणि ती उभ्या उभ्या पेंगायची. मी तिला लवकर जा म्हणायची. थंडी कडक होती. अंगावर घ्यावं तर आग, न घ्यावं तर कुडकुडणं. मी खुर्ची अंगणात ओढून उन्हाकडे पाठ करून बसायची आणि ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. दिवसभरात माझा आवाज मला एकदाही ऐकू यायचा नाही. एकदा कुकरची शिट्टी झाली तर मी "आले" म्हणाले.

फोड वाळले, खपल्या पडल्या. गोळ्यांचा कोर्स संपला. पण तोपर्यंत मुलीला नववा लागला होता. तिचं रक्तदाबाचं काहीतरी निघालं आणि तिकडच्या डॉक्टरांनी प्रवास बंद केला. विहीणबाईंचा फोन आला. "तुम्ही काळजी नका करू ताई, आम्ही सगळं करतो. तुम्ही आधी बऱ्या व्हा." त्या मनापासून बोलत होत्या. मी "हो हो" म्हणत राहिले आणि फोन ठेवून आतल्या खोलीत गेले. बाजेवर दुपटी घडी करून ठेवलेली होती. ती मी पेटीत टाकली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

खपल्या पडल्या तरी दुखणं मात्र गेलं नाही. कातडी वरून बरी दिसत होती, तांबूस डाग तेवढे राहिले होते, पण वाऱ्याची झुळूक लागली तरी आतून वीज जायची. लोक विचारायचे, "झाली ना बरी?" डाग पाहून त्यांना मी बरी झालेच असं वाटणार. त्यांना काय दाखवायचं, हा प्रश्न मला पुन्हा पडला.

नातू झाला ती बातमी दुपारी आली. जावयांनी मोबाइलवर चेहरा दाखवला. लाल, सुजलेले डोळे, मुठी आवळलेल्या. मागे मुलीचा आवाज, "आई, दिसून राह्यला का?" दिसत होता. मी मोबाइल इतका जवळ धरला होता की माझं कपाळच त्यांना दिसत असावं.

बारशाला मी गेले. तेव्हा ब्लाउज घालता येत होता, पण तासभरच. घरभर पाहुणे, विहीणबाईंनी केलेली शेक-शेगडीची सोय, डिंकाचे लाडू त्यांच्याच हातचे. सगळं व्यवस्थित होतं. माझ्यासाठी काही करायचं उरलेलंच नव्हतं. मुलीनं बाळ माझ्या हातात दिलं. बाळ आपण सवयीनं डाव्या कुशीला घेतो. त्याची टाच माझ्या बरगडीला लागली आणि माझ्या तोंडून 'आई गं' निघालं. मुलीनं पटकन त्याला उचलून घेतलं. "अजून दुखून राह्यलं का, आई?" तिनं विचारलं. "मंग सांगत काहून नाई?" तिचा राग बरोबर होता. मी बाळाला उजव्या बाजूनं मागितलं, पण तेवढ्यात कोणीतरी आत्याला बोलावलं, पाळण्यात ठेवायची वेळ झाली होती.

बारशाहून परतताना मी सरळ यवतमाळला उतरले. डॉक्टरांना म्हटलं, "फोड गेले, दुखणं राहिलं." त्यांनी मान हलवली. काहींना असं होतं, नस दुखावलेली राहते, म्हणाल्या. नसेसाठी वेगळ्या गोळ्या दिल्या, आधी लहान, मग हळूहळू वाढवत नेलेल्या. सुरुवातीला त्या गोळ्यांनी गुंगी यायची. दूध उतू जायचं, दळण आणायला गेले तर कशाला आले ते विसरायची. महिना गेला तरी फरक कळेना. मी गोळ्या सोडायचं ठरवलं होतं, पण डॉक्टर म्हणाल्या होत्या की मधेच सोडू नका, म्हणून घेत राहिले. सांगणारं दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा त्यांचंच ऐकलं.

बरं कधी वाटायला लागलं, ते मला नेमकं सांगता येत नाही. तुरी काढून झाल्या होत्या, उन्हं तापायला लागली होती. एका संध्याकाळी मी ओट्यावर भाजी निवडत बसले होते, भिंतीला पाठ टेकून. बरीच भाजी निवडून झाल्यावर लक्षात आलं, की मी टेकून बसले आहे. भिंत दिवसभराच्या उन्हानं कोमट होती. मी हळूच अजून मागे रेलले. टोचल्यासारखं होत होतं, पण आग नव्हती.

हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. मुलीला फोन केला. तिनं उचलला, मागे बाळ रडत होतं. "आई, ह्याले पाजून घेतो, मंग करतो तुले फोन," ती म्हणाली. "कर, कर, घाई नाई," मी म्हटलं. बाईच्या घराला कुलूप होतं. ती तिच्या माहेरी लग्नाला गेली होती.

मी भाजी आत नेली, धुतली, फोडणीला टाकली. त्यात तिखट घातलं, खूप दिवसांनी. जेवताना नाकातोंडातून पाणी आलं. मुलीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला, आणि तोवर मला काय सांगायचं होतं, ते सांगण्यासारखं उरलं नव्हतं. आम्ही बाळाच्या सर्दीबद्दल बोललो. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून छातीले लाव, जास्त गरम नको, आधी आपल्या हाताले लावून पाह्य, असं मी तिला सांगितलं.