अर्ध्या परातीचा पत्रा

माझ्या जीपच्या बोनटखाली वायरींचा जो गुंता होता, तो दुसऱ्या मिस्त्रीनं केला असता तर मी त्याले शिव्या दिल्या असत्या. चाळीस वर्षं लोकायच्या गाड्या नीट केल्या. स्वतःच्या गाडीले मात्र हॉर्न लावायचा, ओढ एक वायर. पंखा लावायचा, ओढ दुसरी. जुनी पेट्रोलची जीप होती, तिच्यात मी डिझेलचं इंजिन बसवलं. इंजिन मोठं, जागा लहान. सायलेन्सरकडे जाणारा तापता पाइप आणि वायरींचा गठ्ठा, यांच्यात चार बोटंही अंतर नाही. मधे फक्त एक पत्रा.

तो पत्रा माझ्या बायकोच्या परातीचा.

बायको या उन्हाळ्यात गेली. बेसा गावातल्या आमच्या घरी तेरवी झाली. रीतीप्रमाणं पोरीनं घरातली जुनी भांडी पोत्यात भरून मोडीत घातली आणि त्याच्या बदल्यात नव्या वाट्या आणल्या. वाट्यांवर मशीननं आईचं नाव, नावाआधी ‘कै.’. आल्यागेल्याले एक एक वाटी. एक मलेही दिली. मी तिच्यात खात नाही. ती वाटी कपाटात उपडी पडली आहे.

माझी मोठी बहीण त्या दिवशी सगळ्यायले सांगत होती, “भाग्याची होती वं बाई. भरल्या कपाळानं गेली.”

मी म्हटलं, “तिचं भाग्य झालं. माझं काय? मी इथं भिंती पाहत बसू?”

“असं नाही बोलू गा.”

“मंग कसं बोलू, ते तूच सांग.”

ती पदर तोंडाले लावून उठली. माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे. बायको असती तर मागून म्हणाली असती, काहून तोडता हो माणसं. आता मागून कोणी म्हणत नाही, म्हणून मी तोडत राहतो.

पाहुणे गेल्यावर मी एकदा कणीक भिजवाले बसलो. घरात ॲल्युमिनियमची परात उरली होती, रोज लागते म्हणून पोरीनं ठेवलेली. हलकी परात. हात दाबला की ती गोल फिरते, सरकत सरकत भिंतीले जाऊन लागते. बायको वीसेक वर्षं रोज म्हणत होती, “ही परात पळते.” खाली ओलं फडकं टाकायची, पायाचा अंगठा लावायची. मी कधी लक्ष दिलं नाही. त्या दिवशी परात माझ्या हाताखालून पळाली तेव्हा समजलं की हे रोजचं होतं, दोन वेळचं होतं, आणि ते माझ्यामुळे होतं.

कारण चांगली परात मी कापली होती.

ती तिच्या बापानं लग्नात दिली होती. कुहीकडचा माणूस, धानाची शेती. स्टीलची जाड परात, शेरभर कणीक मळा नाही तर दोन शेर, जागची हलत नव्हती. पाठीवर नाव टाकलेलं. तेव्हा मशीन नव्हतं. ठोकणारा हातोडीनं एक एक ठिपका उठवत होता आणि सासरा म्हणे बाजूले उकिडवा बसून अक्षर न् अक्षर पाहत होता. आधी ‘चि. सौ. कां.’, मग तिचं नाव.

कापली तो पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीची मिरवणूक होती. बाजार बंद. बायको पोरीले घेऊन मिरवणूक पाहाले गेली होती. मी नवं इंजिन बसवून तयार, फक्त पाइपाच्या आड लावाले जाड पत्रा पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुकान उघडणारच होतं. मी थांबलो नाही. मोरीजवळ परात वाळत ठेवली होती. पत्रा कापायची कात्री घेतली आणि मधातून दोन तुकडे केले.

ती आली. मोरीकडे पाहिलं.

“माही परात कुठं हाय?”

“गाडीत.”

“गाडीत काहून?”

“कापली. पत्रा पाहिजे होता.”

ती आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. चार दिवस घरात पोरीच्या तोंडून बोलणं चाललं. “तुया बापाले सांग, ताट वाढलं.” “तुया बापाले विचार, पानी तापवू का.” पोर लहान, तिले मजा वाटे. ती धावत येऊन सांगे आणि मी समोरच बसलेलो.

पाचव्या दिवशी बायको स्वतः शेडमध्ये आली. कमरेवर हात ठेवून बोनटमध्ये पाहिलं.

“पत्रा पाइपाले टेकवला कोनं?”

“मी. काहून?”

“चुलीले लागून भित असली तं भित जळते. बोटभर जागा ठेवा, हवा जाऊ द्या. आन् घासलेलं अंग आगीकडं करा. नाव इकडं पाहिजे. माह्या नावाले आग लावता का?”

मी चौथी शिकलो, ती सातवी. पण हे तिले शाळेत शिकवलं नव्हतं, ती चुलीपाशी शिकली होती. मी पत्रा काढला, मागे नट टाकून बोटभर पुढे घेतला, चकचकीत बाजू पाइपाकडे केली. त्या पत्र्यानं इतकी वर्षं गठ्ठ्याले आग लागू दिली नाही. तिले मात्र मी कधी सांगितलं नाही की तुझं बरोबर होतं.

मी म्हटलं होतं, “पायजे तं काढून घरी आनतो, डबे झाकाले होईन.”

“घरात आनू नोका. कापलेली मले पाहवत नाही. कापलीच हाय तं कामाची तरी राहू द्या.”

मग वर्षं गेली. वायरींवर वायरी चढल्या आणि तो पत्रा गठ्ठ्यामागे दिसेनासा झाला.

आता घरात तिच्या नावाची एकच वस्तू होती, उपडी वाटी, तिच्यावर ‘कै.’. आणि दुसरी गाडीत, जिच्यावर ती अजून नवरी होती. मले ते नाव पाहाचं होतं. बाकी काही नको होतं.

पोरीचा फोन आला. “बाबा, काय करून राहिले?”

“गाडीची वायरिंग साफ करून राहिलो.”

“चांगलं केलं. तेवढंच मन लागते.”

“मन-बिन काही लागत नाही. वायरिंग खराब आहे म्हणून करून राहिलो.”

सकाळी ऊन चढायच्या आत बसत होतो. आधी बॅटरीचा मायनस काढला. घाईत बॅटरी जोडलेली ठेवून वायर कापणारे मिस्त्री मी पाहिले आहेत, त्यांच्या हातावरचे डागही पाहिले आहेत. मग टेप सोडवाले घेतला. जुना टेप तापून तापून गुळाच्या पाकासारखा झाला होता, बोटाले चिकटे, ओढला की त्याची तार लांब होई. एक एक वायर काढून तिले चिंधी बांधत गेलो, ही सेल्फची, ही पंख्याची. अर्ध्या वायरी कशाच्याच नव्हत्या. एक टोक कुठंतरी लावलेलं, दुसरं हवेत. काढलेल्या सामानाच्या वायरी मी तशाच सोडल्या होत्या.

कडक झालेल्या वायरी बदलल्या. गठ्ठा पाइपापासून दूर, मडगार्डच्या कडेनं नेला, वीतभरावर एक क्लिप मारली. जिथून पाइप जवळ पडतो तिथं काचधाग्याची पांढरी नळी चढवली, ती आग पकडत नाही. पाइपावर त्याच धाग्याची पट्टी गुंडाळली, पाण्यात भिजवून, ओढून ओढून, अर्ध्यावर अर्धी चढवत. पट्टी दोनदा सुटली. शेडमध्ये मी एकटाच. टॉर्च धराले कोणी नाही म्हणून ती दातात धरली, आणि दात पण आता माझे नाहीत, टॉर्चसकट खाली आले. हसू आलं. मग कोणाले सांगू म्हणून मागे पाहिलं.

शेवटी पत्रा दिसला. दोन वायरींचं प्लास्टिक वितळून त्याच्यावर बसलं होतं. नट खोलले, पत्रा काढून मोरीवर नेला, राख आणि चिंच लावून घासला. तिच्यासारखाच, उकिडवा बसून. आधी ठिपके हाताले लागले, मग दिसले.

चि. सौ. कां.

त्यापुढे कापलेली कड.

मी पत्रा उलटा केला, सुलटा केला. इतकी वर्षं माझ्या डोक्यात पक्कं होतं की गाडीत तिचं नाव आहे. कात्री कुठून फिरवली ते मी तेव्हा पाहिलंच नव्हतं, पत्रा फिरवून लावला तेव्हाही त्याच्यावरचं वाचलं नव्हतं. नाव दुसऱ्या तुकड्यावर गेलं होतं. माझ्या वाट्याले आशीर्वाद राहिले. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, तेवढं मले समजते, लग्नाच्या पत्रिकेत असते. मी मोरीवर बसून राहिलो. ऊन अंगावर आलं तरी उठलो नाही. आपण माणूस नाही, कसाई आहो, असं वाटलं. आजही वाटते.

पोरीले सांगितलं. ती म्हणाली, “घरी आणा ना बाबा, आईच्या फोटोखाली ठेवू.”

“तिनं घरात आणू नका म्हटलं होतं.”

“रागात म्हटलं असेल.”

“रागात म्हटलं, पण म्हटलं तं होतं.”

पत्रा परत गाडीत लावला. बोटभर जागा ठेवून, घासलेली बाजू आगीकडे. फरक इतकाच की आता समोर वायरी नाहीत. बोनट उघडलं की तीन अक्षरं सरळ दिसतात.

पत्रा लावता लावताच दुसऱ्या तुकड्याचं आठवलं. त्याच महिन्यात रामटेकचा एक माणूस आला होता, हिरवी जीप घेऊन. त्याच्याही गाडीत मी डिझेल इंजिन बसवलं, आणि उरलेला अर्धा पत्रा त्याच्या पाइपाच्या आड ठोकून दिला. बायकोले विचारलं नाही. तिनंही दुसऱ्या तुकड्याचं कधी विचारलं नाही. काहून विचारलं नसेल? तिले माहीत असेल का?

दोन दिवसांनी मी रामटेकले निघालो. जुन्या वायरिंगवर तिथवर पोचलो नसतो. रस्त्यात दोनदा थांबून गठ्ठ्याले हात लावून पाहिलं. थंड होता. रामटेकले गडाच्या खाली, रस्त्याच्या कडेले एक जुनं गॅरेज आहे. मिस्त्री माझ्याहून थोडा लहान, पांढऱ्या मिशीचा, पेटीवर बसून भजे खाऊन राहिला होता.

मी विचारलं, “इकडं एक हिरवी जीप होती गा, पेट्रोलची, मागून डिझेल केलेली. ठाऊक आहे?”

त्यानं भजं खाली ठेवलं आणि एक नाव घेतलं. “तिची गोष्ट करता का?”

माझ्या बायकोचं नाव.

मी मडगार्ड धरलं. “हे नाव तुमाले कसं माहीत?”

“गाडीचंच नाव हाय नं बाबा. बोनट उघडलं का समोरच लिवलेलं. आमी सारे तेच म्हनत होतो.” आणि तो सांगाले लागला. ती आली रे, पानी दे तिले. ती आज तापली. तिच्या नादी लागू नोको, ती चढावर कोनाले आयकत नाही. पण ‘ती’ नाही म्हणायचे, दर वेळी नाव घ्यायचे. मालकही तेच म्हणे. रस्त्यावरची लेकरं त्या नावानं हाका मारत गाडीमागे पळायची.

“आता कुठं आहे ती?”

“कापली. मालक गेला, पोरायले जुनी गाडी नोको होती. भंगारवाल्यानं समोरच गॅसनं कापली.”

“आन् तो पत्रा?”

“पत्रा कोन पाहते गा?” मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यानं हात पुसले. “कोन होती हो ती? मालकाची तं कोनी नव्हती. आमी लय अंदाज लावले.”

“माझी बायको.”

तो हसला नाही. बाजूच्या टपरीवर हात करून चहा बोलावला. फार गोड होता, मी पिऊन टाकला. मग मी माझं बोनट उघडून त्याले अर्धा पत्रा दाखवला. त्यानं वाकून ‘चि. सौ. कां.’ वाचलं, पेटीतून पेचकस काढून त्याच्या टोकानं पत्रा आणि पाइपामधली जागा मोजल्यासारखी केली आणि म्हणाला, “वायरिंग साजरी बांधली.”

परत येताना सारा रस्ता एकच गोष्ट डोक्यात होती. त्या गॅरेजातल्या लोकायनं, लेकरायनं, त्या मालकानं तिचं नाव वर्षानुवर्षं घेतलं. मोठ्यानं घेतलं, लाडानं घेतलं, चिडून घेतलं. मी एकदाही नाही. आमच्यात बायकोचं नाव घेत नाहीत. मी ‘अवं’ म्हटलं, ‘आयकलं का’ म्हटलं, पोर झाल्यावर ‘तिची आई’ म्हटलं. दवाखान्यात भरती करताना खिडकीतल्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं, तेव्हाही मी तोंडानं सांगितलं नाही. आधार कार्ड पुढे सरकवलं. बायको बाजूच्या बाकावर बसून पाहत होती. म्हणाली, “आता तं घ्या हो, कोन हसते?” मी म्हटलं, “गुमान बस.”

गाडी आता शेडमध्ये उभी आहे. एका सेल्फात स्टार्ट होते. जाचं कुठं नसते, म्हणून आठवड्यातून एकदा उभ्या उभ्या चालवतो आणि बंद करतो.

हे सारं पोरीच्या मुलाच्या उरलेल्या वहीत लिहिलं. पोरीनं वाचलं. म्हणाली, “बाबा, आईचं नाव कुठंच नाही यात.”

नाही. मले येत नाही.